चौतीस ठोक्यांच्या आत

रेवतीच्या उजव्या कुशीला माती लागलेली नव्हती.

मल्लया सडमेक हातातला काथ्या तसाच धरून उभा राहिला. अडतीस वर्षं तो या हत्तिणीला रोज सकाळी घासत आला होता. हत्ती रात्री दोन-तीन तास आडवा होतो आणि ज्या कुशीवर झोपतो त्या कुशीला सकाळी माती, पालापाचोळा, लिदीचे डाग चिकटलेले असतात. रेवतीची सवय उजव्या कुशीची. म्हणून मल्लयाचं घासणं नेहमी उजवीकडून सुरू व्हायचं, आणि तिथं काथ्या सर्वांत जास्त झिजायचा. आज ती कूस कोरडी, धुळकट, पण स्वच्छ होती. मल्लयाने आठवून पाहिलं. कालही तशीच होती. परवाही.

डबी चालू केल्याला आज आठवा दिवस होता.

येरमतोगूची हत्ती छावणी गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला, नदीकाठच्या सागाच्या जंगलात आहे. पूर्वी हत्ती इथे लाकडं ओढायचे. पुढे लाकूडतोड थांबली, लोक हत्ती बघायला येऊ लागले, आणि पाच हत्ती, पाच माहूत, चारा आणणारी माणसं आणि हत्तींसाठी भात शिजवणारं एक स्वयंपाकघर एवढा संसार उरला. रेवती सर्वांत थोरली, शेहेचाळीस वर्षांची. मल्लया एकोणीस वर्षांचा असताना तिच्यावर आला तो तिच्यावरच म्हातारा होत आला होता. बायको गेली तेव्हाही तो दिवसभर रेवतीपाशीच बसून राहिला होता.

मागच्या ऑक्टोबरमध्ये ते घडलं. एका पर्यटकाचा ड्रोन झाडांतून खाली घसरला आणि रेवतीच्या कानाशी येऊन घोंगावला. त्या क्षणी तिच्या पुढच्या पायाची साखळी सोडायला दिवाकर वाकलेला होता. दिवाकर कुळमेथे, मल्लयाचा जावई, त्याच्याच हाताखाली माहूतकी शिकणारा. रेवती बिथरून बाजूला झाली. फक्त बाजूला झाली. पण तिच्या आणि सागाच्या खोडाच्या मध्ये दिवाकर होता.

लग्नाला दोन वर्षं झाली होती. मल्लयाची मुलगी सम्मक्का, छावणीतली सगळी तिला सम्मी म्हणत, तेव्हा चोवीस वर्षांची होती. खात्याने तिला दिवाकरच्या जागी अनुकंपेची नोकरी दिली, छावणीच्या स्वयंपाकघरात. ती पहाटे उठून पाचही हत्तींचा भात रांधायची, गूळ-मीठ घालून मळायची, गोळे करायची. रेवतीचे गोळे मात्र दुसरं कुणीतरी घेऊन जायचं. सम्मी त्या बाजूला पाऊल टाकत नव्हती. पण बापलेकीच्या क्वार्टरचं दार नेमकं रेवतीला बांधायच्या ठाण्यासमोर उघडायचं, त्याला कुणाचा इलाज नव्हता.

कोर्टात प्रकरण गेलं. माणूस मारलेल्या हत्तिणीला लोकांत ठेवता येणार नाही, तिला परराज्यातल्या बंदिस्त केंद्रात पाठवा, असं सरकारी वकिलाचं म्हणणं. तिथे जुना माहूत जाऊ शकत नाही, भेटही नाही. मल्लयाने वनक्षेत्रपाल बोरकुटे साहेबांचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले होते. आणि तेव्हाच नागपूरहून डॉक्टर वैदेही खानझोडे ती डबी घेऊन आल्या.

वैदेही खानझोडे चाळिशीच्या, किडकिडीत, जनावरांच्या डॉक्टर. त्यांनी मल्लयाला कागद दाखवले नाहीत. त्याला रेवतीपाशी नेलं आणि म्हणाल्या, "हिची नाडी कुठे लागते तुम्हाला?"

मल्लयाने कानाच्या मागच्या बाजूला, जाड शिरेवर तीन बोटं ठेवली.

"आता तिच्या श्वासाकडे लक्ष द्या. श्वास आत घेते तेव्हा काय होतं?"

"ठोके जवळ जवळ येतात जी. सोडला की लांबतात."

डॉक्टर चमकल्या. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार? बोटाले कळते."

मग त्यांनी समजावून सांगितलं. हृदयाला धडधडायला कुणाच्या हुकमाची गरज नसते. ते आपोआप चालतं, आणि मोकळं सोडलं तर फार जोरात चालतं. त्याला आवर घालणाऱ्या पेशी असतात मेंदूच्या अगदी तळाशी, मान जिथे कवटीत शिरते तिथल्या देठासारख्या भागात, म्हणजे मस्तिष्कस्तंभात. माणूस असो, कुत्रा असो, हत्ती असो, तिथल्या मोजक्या काही चेतापेशी आपले लांबच लांब धागे व्हेगस नावाच्या मज्जातंतूतून थेट हृदयापर्यंत सोडतात आणि जन्मभर हृदय थोपवून धरतात. श्वास आत घेताना त्या जरा सैल पडतात, सोडताना पुन्हा आवळतात. आणि जनावर घाबरलं की त्या एकदम हात काढून घेतात.

"उताराले सायकलचा ब्रेक सोडल्यावानी," मल्लया म्हणाला.

"अगदी तसंच. आणि पुढचं ऐका. हृदय धडधडायला लागलं की ती बातमी त्याच व्हेगसमधून उलट वर जाते. त्यातले बहुतेक धागे खालून वर जाणारेच असतात. मेंदू म्हणतो, एवढी धडधड म्हणजे काहीतरी भयंकर आहे. मग भीती आणखी वाढते, धडधड आणखी वाढते. त्या दिवशी रेवती ड्रोनला घाबरलीच, पण नंतर ती स्वतःच्या छातीला घाबरली."

उपाय असा होता. मानेतल्या व्हेगसमध्ये एक निरुपद्रवी विषाणू टोचायचा. तो धाग्याधाग्याने वर चढून नेमक्या त्या आवर घालणाऱ्या पेशींपर्यंत पोचतो आणि त्यांच्यात एक जनुक सोडतो. त्यानंतर त्या पेशी विशिष्ट ध्वनिलहरींना ओ देऊ लागतात, माणसाच्या कानाला ऐकू न येणाऱ्या. कानामागे हाडावर सुपारीच्या डबीएवढं यंत्र बसवायचं. ते सतत ठोके मोजत राहतं. ठोके मिनिटाला चौतीसच्या वर गेले की लहरी सोडतं, पेशी हृदय आवळतात, ठोके खाली येतात. चालताना ठोके वाढणारच, म्हणून डबीला पावलं कळतात. पावलं न टाकता ठोके वाढले, तर ती भीती.

घोड्यांवर हे तीन वर्षं वापरून झालं होतं. शर्यतीच्या, मिरवणुकीच्या, पोलिसांच्या घोड्यांवर. हत्तीवर पहिल्यांदाच.

कोर्टाने परवानगी दिली ती कडक अटींवर. चौतीसचा आकडा हुकमात लिहिला गेला. डबी बंद झाली किंवा काढावी लागली, तर चोवीस तासांच्या आत रेवतीला बंदिस्त केंद्रात हलवायचं.

ऑपरेशननंतर तिसऱ्या आठवड्यात जखम भरली आणि डबी चालू केली. कोर्टाने नेमलेल्या समितीसमोर परीक्षा झाली. बोरकुटे साहेबांनी मुद्दाम ड्रोन मागवला होता. तो रेवतीच्या डोक्यावरून दोनदा गेला. तिने कान उभारले, सोंड आखडली. डॉक्टरांच्या हातातल्या पडद्यावर आकडा तेहतीस झाला, पस्तीस झाला, मग हळूहळू उतरत एकोणतीसवर आला. रेवतीने कान पाडले आणि समोरचा बांबू सोलायला घेतला.

मल्लयाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्याने ते पुसलंही नाही. वळून पाहिलं तर स्वयंपाकघराच्या दारात सम्मी उभी होती, हात पिठाचे.

"चार महिने अगोदर आणता आली नसती का हो ही डबी?" ती म्हणाली, आणि कुणी उत्तर द्यायच्या आत आत गेली.

तेव्हापासून आठ दिवस मल्लया हवेत होता. आणि आठव्या दिवशी ही स्वच्छ कूस.

त्या रात्री तो अंथरुणावर पडून दारातून बघत राहिला. रेवती उभी होती. एकदा तिने पुढचे गुडघे टेकले, अंग तिरकं करून जमिनीवर टाकलं. मल्लयाला हायसं वाटलं. पण दोन-चार मिनिटांतच ती फुसकारत, धडपडत उठली, आणि सोंडेचं टोक जमिनीला टेकवून पुन्हा उभी राहिली. दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्री तिने टेकायचा प्रयत्नही केला नाही.

मल्लया चौथीपर्यंत शिकलेला. यंत्रातलं त्याला कळत नव्हतं, पण हत्तीतलं कळत होतं. आडवं झालं की हिला काहीतरी होतंय, आणि ते डबी चालू झाल्यापासून होतंय. हे सांगायला एक फोन पुरे होता. पण फोन केला की डॉक्टर डबी बंद करणार, आणि डबी बंद झाली की चोवीस तासांत ट्रक येणार.

डॉक्टर खानझोडेंचा फोन दर सोमवारी यायचा. नागपूरला त्यांच्या पडद्यावर रेवतीचे ठोके अहोरात्र दिसायचे.

"आलेख फार सुंदर आहे, मल्लयाजी. सरळ रेघ. खाणं?"

"खाते जी."

"लीद, पाणी?"

"बरोबर आहे."

"झोपते ना नीट?"

मल्लयाने रेवतीकडे पाहिलं. ती चिंचेच्या खोडाला माथा टेकून डोळे मिटून उभी होती.

"झोपते जी," तो म्हणाला.

पुढच्या सोमवारीही तो तेच म्हणाला. त्याच्या पुढच्याही. प्रत्येक वेळी ते सोपं होत गेलं.

फेब्रुवारीत पर्यटक पुन्हा येऊ लागले. शाळांच्या सहली आल्या. पोरं किंचाळत, टाळ्या पिटत, आणि रेवती देवळातल्या दगडी हत्तीसारखी निमूट उभी राहायची. "किती शांत आहे हो!" बाया म्हणायच्या. बोरकुटे साहेबांनी मल्लयाच्या पाठीवर थाप मारली. पण मल्लयाला दिसत होतं की उभ्या उभ्या तिचे पुढचे पाय गुडघ्याशी लचकतात आणि ती दचकून सावरते. गुडघ्यांवर जखमा झाल्या होत्या, कारण डुलकी लागली की ती त्यांच्यावर आदळायची. तो त्यावर हळद-तेल लावायचा. भाताचे गोळे अर्धे उरायला लागले होते. उरलेले स्वयंपाकघरात परत जायचे आणि सम्मी ते काही न बोलता कोंबड्यांना टाकायची.

बापलेकीत बोलणं कामापुरतं होतं. एकदा जेवताना मल्लया म्हणाला, "तुले रात्री झोप नाही येत का, सम्मी? दारातच बसली राहतेस."

"तुमाले येते?" तिने विचारलं, आणि ताटात भात वाढला.

तो कधी कधी रेवतीच्या सोंडेला मिठी मारून हळूच म्हणायचा, "थोडी कळ काढ बाई. सवय होईन." सवय होईल यावर त्याचा विश्वास नव्हता. पण ती इथे होती, त्याच्या हाताखाली होती. सकाळी उठलं की दिसत होती. परराज्यात तिचं काय झालं असतं कोण जाणे, असं तो स्वतःला सांगायचा, आणि पुढचा दिवस काढायचा.

मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी डॉक्टर खानझोडे तपासणीला आल्या. गाडीतून उतरून रेवतीकडे चालत येता येता त्यांची पावलं मंदावली. त्यांनी आधी पुढचे गुडघे पाहिले. मग दोन्ही कुशींवरून हात फिरवला, उजवी, डावी, आणि तळहात उलटून बघितला. नुसती धूळ.

"ही शेवटची आडवी कधी झाली?"

मल्लयाने तिच्या सोंडेवर हात ठेवला.

"मल्लयाजी, मी दर सोमवारी विचारत होते."

"होय जी."

"तुम्ही हो म्हणत होता."

"होय जी."

तिथे पाण्याची एक बादली पालथी पडली होती, डॉक्टर तिच्यावर बसल्या. मग बोलल्या त्या अर्ध्या स्वतःशीच.

"घोडा आडवा झाला की ठोके कमी होतात. कुत्र्याचे कमी होतात. तुमचे-माझे होतात. हत्तीचं उलटं असतं. एवढं वजन छातीवर येतं, की रक्त पुरवायला हृदयाला जास्त धावावं लागतं. उभी असताना अठ्ठावीस, तर आडवी झाल्यावर पस्तीस, सदतीस. मी कॉलेजात शिकले होते हे. परीक्षेत लिहिलं होतं." त्यांनी कपाळ दाबलं. "डबीला काय दिसणार? पावलं नाहीत आणि ठोके वाढले. म्हणजे भीती. ती लगेच हृदय आवळणार. म्हणजे ज्या घडीला हिला जास्त रक्त हवं, नेमकं त्याच घडीला आपण नरडं दाबल्यासारखं करत होतो. हिला गुदमरायला झालं असेल, घेरी आली असेल. म्हणून उठत होती. आणि मग आडवं होणंच सोडलं."

"पण तुमच्या पडद्यावर..."

"माझ्या पडद्यावर सगळं चौतीसच्या आत होतं. आत ठेवायलाच तर ती डबी बसवली. मी तीच रेघ बघून खूश होत होते." त्या उठल्या. "हत्ती उभ्याने डुलक्या घेतो, पण गाढ झोप त्याला आडवं झाल्याशिवाय लागत नाही. तीन-चार दिवसांतून एकदा तरी लागते. हिला दोन महिने झाले."

"आकडा वाढवता नाही येत का जी? चाळीस करा."

"आकडा कोर्टाचा आहे. आडवं होणं ओळखणारी डबी बनवता येईल, पण ती तपासून, मंजूर होऊन यायला सहा-आठ महिने लागतील. आज हातात एकच आहे. किल्ली लावायची आणि डबी बंद करायची."

किल्ली म्हणजे एक चपटं लोहचुंबक होतं. ते डबीवर धरलं की डबी बंद व्हायची, आणि त्याची नोंद आपोआप वर जायची. वैदेही खानझोडेंनी ते पिशवीतून काढलं.

मल्लयाने त्यांचा हात धरला. बाईमाणसाचा हात आपण धरलाय याचंही भान त्याला नव्हतं.

"आज लावली तर उद्या ट्रक येईन."

"हो."

"सोमवारी लावा, मॅडम. दोन दिवस द्या. रविवारी तिले नदीवर नेऊन आंघोळ घालतो. मंग न्या. मी स्वतः चढवून देतो ट्रकात. अडतीस वर्ष आहे जी."

डॉक्टर रेवतीकडे बघत राहिल्या, मग त्याच्याकडे. दोन महिने उभी राहिली आहे, दोन दिवसांनी काय मोठा फरक पडणार, असं त्यांच्या मनात आलं. पुढे आयुष्यभर त्यांना ते वाक्य शब्दशः आठवत राहिलं. त्यांनी किल्ली पिशवीत ठेवली.

"सोमवारी सकाळी आठला," त्या म्हणाल्या, आणि विश्रामगृहावर मुक्कामाला गेल्या.

रविवारी सकाळी मल्लया रेवतीला नदीवर घेऊन निघाला. पाणी आटलं होतं, काठापासून प्रवाहापर्यंत वाळूची रुंद पट्टी होती. तो तिच्या मानेवर बसला नव्हता. शेजारून चालत होता, सोंड हातात धरून, काहीबाही सांगत. तिथे तुले मोठं तळं आहे म्हणतात. ऊस देतात म्हणतात.

काठ पुरुषभर उंचीचा होता. उतरायची पायवाट रेवतीच्या पायाखालची होती, हजारदा उतरलेली. तिने पुढचा पाय खाली टाकला आणि त्याच वेळी तिचे डोळे मिटले. मल्लयाला ते स्पष्ट दिसलं. चालता चालता, अर्ध्या पावलात, तिला झोप लागली. तिचं सगळं अंग पुढे कललं आणि ती वाळूवर उजव्या कुशीवर कोसळली. डावा पुढचा पाय मागे राहिला होता. त्याचा आवाज आला.

मल्लया ओरडत सुटला. नदीवर धुणं धुणाऱ्या बायांनी विश्रामगृहाकडे धाव घेतली. डॉक्टर येईपर्यंत बारा मिनिटं गेली. रेवती तोंड उघडून श्वास ओढत होती, तिची सोंड वाळूत इकडेतिकडे फिरत होती, आणि ती तीनदा उठायला गेली. डॉक्टरांनी गुडघ्यांवर बसून पडदा बघितला. सत्तावीस. एवढ्या वेदनेत, एवढ्या भीतीत, कुशीवर पडलेली असताना सत्तावीस. त्यांनी किल्ली कानामागे दाबून धरली.

मिनिटभरात आकडा चव्वेचाळीस झाला. रेवतीच्या छातीचा भाता मोठा झाला. डॉक्टरांनी वेदनाशामकाची मोठी सुई टोचली. आकडा हळूहळू उतरत सदतीसवर आला आणि तिथेच राहिला. तिची सोंड सैल पडली. डोळा मिटला. आणि मग, वाळूवर, भर उन्हात, बघायला जमलेल्या माणसांच्या मधोमध, रेवती झोपली.

वैदेही खानझोडेंनी डावा पाय तपासला. दोनदा तपासला. मग त्या मल्लयापाशी येऊन बसल्या.

"खांद्याखालचं हाड तुटलंय. चार टन वजन आहे. हे जुळत नाही, मल्लयाजी."

त्याने मान हलवली. त्याला आवाजावरूनच कळलं होतं.

"झोपेत आहे तोवर इंजेक्शन देता येईल. तिला कळणारही नाही. जागी झाली की फार दुखेल."

गर्दी वाढत होती. कुणी फोनवर फोटो काढत होतं, कुणी मोठ्याने विचारत होतं की मेली का. एवढ्यात गर्दी मागून फाटली. सम्मी आली होती. पदर खोचलेला, हाताला भात चिकटलेला, कडेवर स्वयंपाकघराची निळी ताडपत्री.

"गप बसा रे सारे!" ती ओरडली. "झोपली आहे ते. सरका मागं. तू रे, फोन घाल खिशात."

तिचा अवतार बघून माणसं मागे सरली. तिने धुणाऱ्या बायांना हाताशी घेतलं, बांबू रोवले, रेवतीच्या डोक्यावर ताडपत्री ताणली. मग हंडा घेऊन नदीवर गेली, पाणी आणून कानावर ओतलं, पुन्हा गेली. मल्लया बघत राहिला. ऑक्टोबरपासून ती या हत्तिणीजवळ आली नव्हती.

तासाभराने रेवतीचे मागचे पाय हलू लागले. लहान लहान, लयीत. सोंडेचं टोक वळलं, उघडलं, मिटलं.

"काय होते तिले?" सम्मीने विचारलं.

"स्वप्न पडतंय," डॉक्टर म्हणाल्या. "गाढ झोपेत पडतं. दोन महिन्यांत पहिल्यांदाच."

सम्मीने आणखी एक हंडा आणला.

दुपारी दोनला डॉक्टरांनी सुई भरली. मल्लयाकडे पाहिलं, त्याने मान खाली घातली. तेव्हा सम्मी म्हणाली, "थोडं थांबा ना, मॅडम. झोप पुरी होऊ द्या."

"जागी होईल ती."

"झाली जागी तर मी सांगतो तुमाले. तोवर थांबा."

ती रेवतीच्या डोळ्यासमोर वाळूत मांडी घालून बसली आणि नजर न हलवता बघत राहिली. तीन वाजले, चार वाजले. साडेचारला पापणी किंचित थरथरली. सम्मीने नुसता हात वर केला. डॉक्टरांनी कानाच्या शिरेत सुई घातली. मल्लयाने सोंड मांडीवर घेतली होती. सदतीसचा आकडा वीसवर आला, नऊवर आला, मग पडदा कोरा झाला. कुणी रडलं नाही. नदीपलीकडून गुरं परत येत होती, त्यांच्या घंटा तेवढ्या ऐकू येत होत्या.

दुसऱ्या दिवशी तिला नदीकाठीच पुरलं. मिठाच्या चाळीस गोण्या लागल्या.

चौकशी लागली. वैदेही खानझोडेंनी आपल्या जबाबात सगळं लिहिलं, शुक्रवारचं वाक्यही. डबी बनवणाऱ्यांनी कळवलं की पुढच्या यंत्रात आडवं होणं ओळखायची सोय केली जाईल. मल्लयासाठी पाच पानांचा कागद आला. त्याला मोठी वाक्यं लिहायला जमत नव्हती, म्हणून संध्याकाळी क्वार्टरच्या ओट्यावर बसून तो सांगत होता आणि सम्मी लिहीत होती. चौथ्या पानावर प्रश्न होता: प्राणी आडवा होत नसल्याचे प्रथम कोणत्या दिवशी व कोणाच्या लक्षात आले?

सम्मीने तो वाचून दाखवला.

"लिही," मल्लया म्हणाला. "आठव्या दिवशी. मल्लया सडमेक, माहूत. ठाऊक असून सांगितलं नाही, असंही लिही."

पेन थांबलं. मग चाललं. मल्लयाने वाकून बघितलं. आकडे त्याला चांगले वाचता यायचे.

"हा तीन काहून? आठ म्हणालो मी."

"तुमचा आठवा. माझा तिसरा."

त्याला आधी कळलंच नाही.

"दारातून दिसत होती," सम्मी कागदाकडे बघत म्हणाली. "रोज उभी. टेके, पुन्हा उठे. मले झोप नव्हती, तिलेही नव्हती. तिसऱ्या रात्री समजलं मले, का हे डबीनं होते. तुमाले सांगावं वाटलं नाही. मले वाटलं, राहू दे उभी."

अंधार पडायला आला होता. समोरचं ठाणं रिकामं होतं. मल्लयाने कागदावर हात ठेवला.

"खोडून टाक ते. नोकरी जाईन तुही. कोणाले समजणार नाही."

सम्मीने खोडलं नाही. तिने प्रश्नाच्या पुढच्या जागेत बारीक, सुबक अक्षरांत आपलं पूर्ण नाव लिहिलं: सम्मक्का दिवाकर कुळमेथे. मग कागद आणि पेन बापापुढे सरकवलं आणि नावाखालच्या रिकाम्या ओळीवर बोट ठेवलं.

"इथं तुमचं लिहा, बाबा," ती म्हणाली.

मल्लयाने चष्मा लावला आणि एकेक अक्षर जोडत लिहायला घेतलं.